एका रायझरवर रिकर्व्ह आणि लाँगबो: दुसरी जोडी घ्यावी का?

टेकडाउन, म्हणजे भाग सुटे करता येणारं, धनुष्य विकणारा हमखास एक वाक्य टाकतो: ‘रायझर तोच, फक्त लिम्ब बदला.’ रायझर म्हणजे मधला मुठीचा भाग, लिम्ब म्हणजे त्याला वर-खाली जोडायच्या वाकणाऱ्या पट्ट्या. वाक्य खोटं नाही, अर्धवट आहे. त्यात स्ट्रिंग (दोरी), नॉकिंग पॉइंट (दोरीवर बाण लावायची खूण), टिलर (वरच्या आणि खालच्या लिम्बपासून दोरीच्या अंतरातला फरक) आणि बाण यांचं नाव नसतं, आणि पार्सल उघडल्यावर गाडी अडते ती तिथेच. इथं परीक्षण आहे ते १९ इंची धातूच्या आयएलएफ (इंटरनॅशनल लिम्ब फिटिंग) जोडणीच्या रायझरचं. त्यावर मध्यम लांबीची रिकर्व्ह (टोकाला उलट बाक असलेल्या) लिम्बची एक जोडी आणि लाँगबो (तसा बाक नसलेल्या, जवळजवळ सरळ) लिम्बची एक जोडी आलटूनपालटून चढवायची. आपल्याकडे बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीच्या पट्ट्यात तीरंदाजी म्हटलं की लोकांना ऑलिम्पिकचं रिकर्व्ह नाहीतर कंपाउंड आठवतं. साइट (नेम धरायचं साधन) आणि स्टॅबिलायझर (तोल सांभाळणारा दांडा) न लावता माळावर किंवा शेताच्या बांधाला पिंजाराचे गठ्ठे लावून नेम धरणारे थोडेच. हे लिहिलंय त्यांच्यासाठी.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. रिकर्व्हची जोडी वापरून हात बसला असेल, तर लाँगबोची जोडी घेण्यासारखी आहे. पहिलंच धनुष्य घेत असाल तर दोन्ही जोड्या एकदम घेऊ नका. आणि ‘अस्सल लाँगबो हवाय’ म्हणून ही जोडी घेणार असाल, तर तो पैसा राखून ठेवा, कारण लिम्ब बदलली तरी हातात मूठ रिकर्व्हचीच राहते.

आयएलएफ म्हणजे लिम्ब रायझरला जोडायची सामाईक पद्धत. मूळ जोडणी हॉइट कंपनीची, पुढे बहुतेक बनवणाऱ्यांनी ती उचलली. लिम्बच्या बुडाला यू आकाराची खाच असते, ती टिलर बोल्टच्या (लिम्बचा कोन कमीजास्त करणाऱ्या रायझरवरच्या बोल्टच्या) डोक्याखाली सरकते. थोडं वर डव्हटेलचा धातूचा तुकडा असतो, तो रायझरच्या खाचेत बसतो आणि त्यातली स्प्रिंगची पिन टक् करून अडकते. पाना लागत नाही, बोल्ट काढावा लागत नाही. दोरी चढवल्यावर लिम्बला जागेवर धरून ठेवतो तो दोरीचा ताण. पिनचं काम फक्त दोरी नसताना लिम्ब खाली पडू न देण्याचं. हे नीट समजलं की पुढच्या अर्ध्या भानगडी आपोआप टळतात.

दुसरा प्रकार आरपार बोल्टचा. लाकडी रायझर, लिम्बला भोक, शेजारी जागा धरायच्या पिना आणि हाताने आवळायचा मोठा बोल्ट. सॅमिक सेज या धनुष्याची जोडणी अशी आहे. सुरुवातीचं धनुष्य म्हणून ते उत्तम, पण एका कंपनीची भोकं आणि पिना दुसऱ्या कंपनीला जुळतील याची खात्री नसते. अशा रायझरसाठी लाँगबो लिम्ब मिळतात तेव्हा ती त्याच बनवणाऱ्याची असतील तरच घ्या. जुळत नाहीत म्हणून लिम्बला नवं भोक पाडून आणणारेही आहेत. काचतंतूचा थर तिथून चिरत जातो, आणि ते लिम्ब कधी तुटेल हा फक्त वेळेचा प्रश्न उरतो. दोन जोड्या वापरायच्याच असतील तर पहिल्यापासून आयएलएफ घ्या.

सगळ्यात मोठी फसगत पौंडांच्या आकड्यात होते. आयएलएफ लिम्बवर छापलेलं वजन, म्हणजे दोरी ओढायला लागणारा जोर, साधारणपणे २५ इंची रायझरवर, २८ इंच ओढीला (दोरी तितकी मागे ओढल्यावर) मोजलेलं असतं. रायझर आखूड झाला की तेच लिम्ब जड होतं. ढोबळ हिशोब दर इंचाला एक पौंड. म्हणजे ३५ छापलेली रिकर्व्ह जोडी १९ इंची रायझरवर ४०-४१ च्या घरात जाते. पण पारंपरिक नेमबाजीसाठी केलेली काही लिम्ब १७ इंची रायझर धरून मोजलेली असतात. तुमच्या लाँगबो जोडीवर असं ३५ छापलेलं असेल, तर ती १९ इंचीवर ३३ च्या आसपास उतरेल. दोन्ही जोड्यांवर आकडा एकच, बोटांवर फरक सात-आठ पौंडांचा. मग ‘लाँगबो किती मऊ, किती संथ’ असं म्हणत लोक लिम्बला नावं ठेवतात. मागवतानाच विचारा: हे वजन किती इंची रायझरवर मोजलंय?

घरी मोजायचं तर प्रवासी बॅगा तोलायचा लटकता डिजिटल काटा पुरतो. बाजारात कुठेही मिळतो, ५० किलोपर्यंतचा घ्या. २८ इंच ओढ ही मुठीच्या सगळ्यात खोल जागेपासून नॉकच्या (बाणाच्या मागच्या टोकाच्या) खाचेपर्यंत २६¼ इंच आणि वर १¾ इंच अशी धरतात. म्हणून एका जुन्या बाणावर नॉकच्या खाचेपासून ६६.७ सेंटिमीटरवर चिकटपट्टी लावा. बाण दोरीला लावून काट्याचा हुक दोरीत अडकवा आणि ओढा; ती पट्टी मुठीच्या खोल जागेच्या रेषेत आली की काट्यावरचा आकडा वाचा आणि २.२ ने गुणा. १८.१ किलो म्हणजे ४० पौंड. तुमची स्वतःची ओढ २७ इंच असेल तर त्या खुणेवरही मोजून ठेवा, कारण या टप्प्यात एका इंचाला साधारण दोन ते अडीच पौंड पडतात. दोन्ही जोड्यांचं वजन आकड्यात हवं. अंदाजानं नव्हे, कारण पुढचा बाणांचा सगळा हिशोब यावरच उभा आहे.

टिलर बोल्टनं थोडं वजन कमीजास्त करता येतं. चांगल्या रायझरवर एकूण दहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ४० पौंडांत जेमतेम चार. बोल्ट पूर्ण आत आवळून तिथून किती फेरे बाहेर काढले ते मोजायचं. हा आकडा दोन्ही जोड्यांसाठी वेगळा असणार. लाँगबो लिम्बच्या बुडाची जाडी आणि पाचर रिकर्व्हपेक्षा वेगळी असू शकते, म्हणून रिकर्व्हला तीन फेरे बाहेर छान चालणारा बोल्ट लाँगबोला तसाच चालेल असं नाही. दोन सूचना. बोल्ट फिरवताना दोरी उतरवलेली असू द्या आणि कुलपाचा छोटा स्क्रू आधी सैल करा. ताणाखाली बोल्ट फिरवला की आटे खातो. आणि माहितीपत्रकात जास्तीत जास्त जितके फेरे बाहेर काढा म्हटलंय त्यापलीकडे जाऊ नका. वजन अजून उतरवायचं म्हणून बोल्ट बाहेर काढत बसलं की तो थोड्याच आट्यांवर लटकतो आणि पूर्ण ओढीला निसटतो. चाळीस पौंड नको असतील तर हलकी लिम्ब घ्या, बोल्टशी झटापट नको.

आता मूळ प्रश्न: दोन जोड्यांत हाताला फरक काय पडतो?

रिकर्व्हच्या टोकाचा बाक ओढताना उलगडत जातो. सुरुवातीला दोरी लिम्बच्या पोटावर टेकलेली असते. ओढत जाल तशी ती सुटते आणि शेवटच्या दोन इंचांत ओढ अंगावर येत नाही. त्याच वजनाला रिकर्व्ह जास्त ऊर्जा साठवतं, त्यामुळे बाण वेगानं जातो आणि ३०-४० मीटरवर त्याचा मार्ग सपाट राहतो. किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. सुटताना दोरी पुन्हा लिम्बवर आपटते, तो ‘चट्’ आवाज रिकर्व्हचाच. आणि लिम्बचं टोक रुंद, पातळ असतं, म्हणून बोटांनी दोरी जराशी पिळवटून सोडली तर लिम्बही त्याबरोबर वळतं आणि बाण डावीउजवीकडे पसरतात.

लाँगबो लिम्ब अरुंद आणि जाडसर. आयएलएफसाठी मिळणारी बरीचशी लिम्ब पूर्ण सरळ नसून रिफ्लेक्स-डिफ्लेक्स (दोन उलट दिशांना हलक्या) वळणाची असतात, पण चढवलेली दोरी टोकाच्या नॉकखेरीज (दोरी अडकायच्या खाचेखेरीज) कुठेही टेकत नाही. म्हणून आवाज कमी, आणि दोरी सोडतानाची चूकही ती बरीच पोटात घालतात. दिवसभर चालत, उंचसखल जागेवरून, गुडघा टेकून किंवा फांदीखालून नेम धरायचा असेल तर हा क्षमाशीलपणा वेगापेक्षा मोलाचा ठरतो. एरवी लाँगबोला हाताला धक्का बसतो म्हणतात. इथं तो फारसा जाणवत नाही, कारण धातूचा रायझर किलोच्या आसपास असतो आणि धक्का गिळतो. या जोडणीचा हा खरा फायदा, आणि जाहिरातीत नेमका तोच सांगत नाहीत.

तोटा शेवटच्या दोन इंचांत. आखूड लाँगबोला २८ इंचांपुढे ओढ एकदम जड होते आणि दोरीचा कोन बोटांना चिमटतो. तुमची ओढ २८½ च्या वर असेल तर १९ इंची रायझरवर मध्यम लिम्ब, म्हणजे ६२ इंची धनुष्य, लाँगबोसाठी तोकडं पडेल. लांब लिम्ब घेऊन ६४ करा, किंवा २१ इंची रायझरवर जा. रिकर्व्हला तेच ६२ इंच चालून जातं.

दोरी एकच ठेवून दोन्ही जोड्या चालवायचा मोह टाळा. ६२ इंची रिकर्व्हला प्रत्यक्ष दोरी साधारण ५८ इंचांची लागते, ६२ इंची लाँगबोला ५९. म्हणजे पाकिटावर ‘६२’ लिहिलेलं असलं तरी कुठल्या प्रकारासाठी ते विचारायलाच हवं. ब्रेस हाइट, म्हणजे मुठीच्या खोल जागेपासून दोरीपर्यंतचं अंतर, रिकर्व्हला ७½ ते ८¼ इंच आणि लाँगबोला ६½ ते ७¼ इंच या पट्ट्यात सुरू करा. बनवणाऱ्यानं वेगळा आकडा दिला असेल तर तो प्रमाण. रिकर्व्हची दोरी लाँगबोवर चढवली तर ती आखूड पडते, ब्रेस वाढते, लिम्ब उगीच ताणलेलं राहतं. उलट लाँगबोची दोरी रिकर्व्हवर टाकली की ब्रेस खाली येते, दोरी मनगटावर फटका मारते आणि टोकाच्या खाचेतून घसरण्याची भीती असते. दोरीला पीळ देऊन ब्रेस वाढवता येते, पण ५८ इंची दोरीला वीस-तीस पीळ हे नेहमीचं प्रमाण. साठ पीळ देऊन ब्रेस जुळवावी लागत असेल तर दोरीच चुकीची आहे.

दोरीचा धागाही बघा. डॅक्रॉन ताणतो, मऊ असतो आणि टोकं मजबूत केलेली नसलेल्या लिम्बलाही चालतो. ४० पौंडांच्या आसपास १२ ते १४ पदर पुरतात. फास्ट फ्लाइट जातीचा न ताणणारा धागा वेग देतो, पण बनवणाऱ्यानं त्याला परवानगी दिली असेल तरच वापरा. दोन जोड्यांपैकी एकीला परवानगी आणि दुसरीला नाही, असंही होतं. म्हणून दोऱ्यांना वेगवेगळ्या रंगाचं सर्व्हिंग (दोरीवर गुंडाळलेला धागा) करून घ्या, पिशवीत हात घातल्यावर गोंधळ नको. नवी दोरी पहिल्या शे-दीडशे बाणांत बसते आणि ब्रेस खाली येते. तोवर रोज मोजा. नॉकिंग पॉइंट बांधायला डेंटल फ्लॉस झकास. शहापूर-वडगावच्या मागवाल्यांकडचा पॉलिस्टर दोराही गाठीपुरता चालतो, पण त्याची दोरी वळायचा विचार मनात आणू नका.

आवाजासाठी दोरीवर लोकरीचे गोंडे लावतात. रिकर्व्हवर ते दोरी लिम्बला टेकते त्या भागाच्या बरेच आत हवेत, नाहीतर गोंडा लिम्बवर आपटून नवाच आवाज करतो. एका टोकापासून पाव अंतरावर आणि दुसऱ्यापासून एकतृतीयांशावर लावले की कंप चांगला मरतो. लाँगबोला बहुधा लागतच नाहीत.

आता बदलायची रीत. सरावानं दहा मिनिटांत होते, पण क्रम मोडायचा नाही.

दोरी स्ट्रिंगरनंच (दोरी चढवा-उतरवायच्या साधनानं) उतरवायची. पायात अडकवून, मांडीवर वाकवून दोरी चढवणारे दिसतात. रिकर्व्हचं पातळ टोक त्यानं पिळवटतं, आणि आयएलएफ लिम्ब खाचेतून उडी मारू शकतं. स्ट्रिंगरची रिकर्व्हसाठीची मोठी टोपी लाँगबोच्या चिंचोळ्या टोकावर सैल बसते आणि सटकते. त्यासाठी एका बाजूला छोटी चामड्याची टोपी आणि दुसऱ्या बाजूला रबराची पकड असलेला स्ट्रिंगर घ्या, आणि रबर टोकापासून इतकं आत ठेवा की दोरीचा फासा मोकळा सरकेल. दोरी उतरवल्यावर लिम्ब काढून खाचेतली धूळ सुक्या फडक्यानं पुसा. खानापूरकडची जांभ्याची लाल माती इतकी बारीक असते की ती डव्हटेलमध्ये शिरून ओढताना ‘कर्र’ आवाज देते, आणि माणूस लिम्ब चिरलं की काय म्हणून घाबरतो. पुसून चिमूटभर मेण लावलं की आवाज जातो. मेण लावूनही गेला नाही, तर मात्र लिम्ब उतरवून उजेडात बघा.

मग बोल्टचे फेरे त्या जोडीच्या आकड्यावर आणा, कुलपाचा स्क्रू आवळा, लिम्ब सरकवा. वरचं लिम्ब वर आणि खालचं खाली, हे सांगायची गरज नाही असं वाटतं, पण लाँगबोच्या जोडीत दोन्ही इतकी सारखी दिसतात की अदलाबदल सहज होते आणि टिलर उलटा येतो. बुडावर पेन्सिलीनं खूण करून ठेवा. दोरी चढवल्यावर ओढण्याआधी दोन्ही डव्हटेल पूर्ण बसलेत का, फासे खाचेत आहेत का, हे बघणं सक्तीचं. अर्धवट बसलेलं लिम्ब ओढीला सुटलं तर ते तोंडाच्या दिशेनं येतं.

नंतर धनुष्य खुर्चीच्या पाठीवर आडवं ठेवा आणि मागून एका डोळ्यानं बघा. दोरीनं दोन्ही लिम्बच्या मधून आणि रायझरच्या मधून जायला हवं. लाँगबोचं लिम्ब अरुंद असल्यानं चूक डोळ्याला कमी दिसते, म्हणून लिम्बवर कागदी चिकटपट्टी लावून तिच्यावर मध्याची रेघ ओढा. बऱ्याच रायझरवर डव्हटेलची जागा बारीक वॉशरनं डावीउजवीकडे सरकवता येते. पण रिकर्व्हला जुळलेली ती जागा लाँगबोसाठी हलवावी लागत असेल, तर दर वेळी हलवत बसणं शक्य नाही. एक जोडी वाकडी आहे, आणि हमीच्या मुदतीत ती परत करणं शहाणपणाचं.

टिलर मोजताना रायझर संपतो तिथून लिम्बपासून दोरीपर्यंतचं अंतर वर आणि खाली घ्या. एक बोट वर, दोन खाली अशी पकड असेल तर वरचं अंतर ३ ते ६ मिलिमीटर जास्त हवं. तिन्ही बोटं बाणाखाली असतील तर शून्य ते ३. नॉकिंग पॉइंट रिकर्व्हला काटकोनाच्या (बाण दोरीला काटकोनात येतो त्या जागेच्या) १० ते १२ मिलिमीटर वर, लाँगबोला शेल्फवरून (बाण टेकायच्या रायझरच्या कट्ट्यावरून) मारत असाल तर १२ ते १६. हे आरंभाचे आकडे. खरा आकडा पंख नसलेला बाण सांगतो: १५ मीटरवर तो पंखवाल्यांपेक्षा खाली लागत असेल तर नॉकिंग पॉइंट वर गेलाय, आणि वर लागत असेल तर खाली.

बाणांच्या बाबतीत टेकडाउनचा फायदा स्पष्ट आहे. वेगळा एकसंध लाँगबो घेतला तर त्याची खिडकी (बाण जायची खाच) मध्यापर्यंत कापलेली नसते आणि बाण बराच लवचीक लागतो. इथं रायझर एकच, म्हणून सेंटर शॉट (धनुष्याच्या मध्यरेषेपासूनची बाणाची जागा) तोच राहतो. फरक उरतो तो वेगाचा. समान वजनाला लाँगबो बाणाला कमी ढकलतं, म्हणून रिकर्व्हला जुळलेला बाण लाँगबोवर किंचित ताठ वागतो: उजव्या हाताच्या नेमबाजाचा पंख नसलेला बाण डावीकडे लागतो. लगेच नव्या बाणांचा डझन मागवू नका. रिकर्व्हला १२५ ग्रेनचं टोक लावलं असेल तर त्याच दांड्याला १४५ किंवा १५० ग्रेनचं टोक लावून बघा. टोक जड झालं की दांडा जास्त वाकतो आणि बाण मध्यात येतो. तेवढ्यानं भागलं नाही तरच ५०० स्पाइनवरून (दांड्याच्या ताठपणाचा आकडा; मोठा म्हणजे जास्त लवचीक) ६०० वर उतरा. बाणाचं एकूण वजन धनुष्याच्या दर पौंडाला ८ ते १० ग्रेन ठेवा. ४० पौंडांना ९ नं ३६० ग्रेन, म्हणजे २३ ग्रॅमच्या थोडं वर. सोनाराच्या काट्यासारखा छोटा डिजिटल काटा त्यासाठी पुरतो. लक्ष्याच्या मैदानावरचे अगदी हलके बाण या धनुष्यांवर वापरले की लिम्बवर कोरड्या सुटकेसारखा (बाण न लावता दोरी सोडल्यासारखा) ताण येतो.

जांभ्यावर चुकलेला कार्बनचा बाण उचलून तसाच परत लावू नका. दोन्ही टोकं धरून वाकवत, फिरवत कान द्या. ‘कट्’ ऐकू आलं की तो बाण मोडून टाका. चिरलेला कार्बन सुटताना फुटून पुढच्या हातात घुसतो.

पावसाचं स्वतंत्र सांगायला हवं, कारण कणकुंबी-जांबोटीकडं जूनपासून सप्टेंबरपर्यंत सगळंच ओलं असतं. दोन्ही जोड्यांच्या बाह्य थराला, काचतंतू असो वा कार्बन, पाण्यानं काही होत नाही. धोका कडांना असतो, जिथं पॉलिश उडालंय आणि आतली लाकडी पट्टी उघडी पडलीये. तिथं पारदर्शक वार्निशचा हात द्या. शेल्फवरून मारताना पिसांचे पंखच लागतात, कारण प्लॅस्टिकचे शेल्फला आपटून बाण उडवतात; आणि भिजलेलं पीस चपटं होऊन बाण भरकटतो. पावसाळ्यात रायझरला उंच रेस्ट (बाण टेकायचा आधार) चिकटवून प्लॅस्टिकचे पंख वापरणं सोपं. धातूच्या रायझरवर ही सोय आहे, लाकडी एकसंध लाँगबोवर सहसा नसते. स्प्रिंगच्या पिनेला गंज चढतो, तिला सिलिकॉन तेलाचा एक थेंब. दोरीला मेण. आणि उन्हाळ्यात एप्रिल-मेमध्ये बंद मोटारीत लिम्ब ठेवू नका. काच चढवलेल्या गाडीत उन्हानं चिकटवलेले थर सुटतात, आणि तशा लिम्बला हमी सहसा मिळत नाही. ठेवायची तर आडवी, कापडी पिशवीत. कोपऱ्यात टोकावर उभी करून ठेवलेलं लिम्ब हळूहळू पिळवटतं, आणि त्यात रिकर्व्हचं आधी.

काही गोष्टी आपल्याकडं चांगल्या मिळतात. अथणी-निपाणीकडं कोल्हापुरी चपलांसाठी कमावलेलं चामडं आर्मगार्डला (हाताच्या कवचाला) आणि शेल्फच्या बाजूच्या पट्टीला उत्तम आहे. टॅबसाठी (बोटांवरच्या कवचासाठी) मात्र ते कडक पडतं, बोटं दोरी नीट सोडत नाहीत. बेळगावच्या उद्यमबागेत लेथवाल्याकडून पितळी वॉशर करून घेता येतो. एकच सावधगिरी: रायझरवरचं स्टॅबिलायझरचं आणि प्लंजरचं (बाणाला बाजूनं आधार देणाऱ्या स्प्रिंगच्या पिनेचं) भोक ५/१६ इंच, दर इंचाला २४ आट्यांचं असतं. हार्डवेअरच्या दुकानातला एम८ बोल्ट दिसायला अगदी तसाच, जाडीही जवळपास तीच, पण आट्याची चाल वेगळी. दोन फेरे जातो, मग अडतो, आणि पान्यानं रेटला की ॲल्युमिनियमचे आटे संपले.

स्पर्धेचं थोडक्यात. वर्ल्ड आर्चरी या जागतिक संघटनेच्या ३डी (प्राण्यांच्या प्रतिकृतींवर नेम धरायच्या) प्रकारात लाँगबो गटाला लाकडी बाण लागतात आणि चढवलेली दोरी नॉकखेरीज धनुष्याला टेकता कामा नये. ही लिम्ब दुसरी कसोटी पार करतात. रायझरबद्दल काय म्हटलंय ते प्रवेश भरण्याआधी त्या वर्षीच्या नियमपुस्तिकेत वाचा, कार्बनचे बाण घेऊन तर जाऊच नका. आणि रानात फिरण्याबद्दल: १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शस्त्राच्या व्याख्येतच धनुष्यबाण आहे. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय धनुष्य नेणं हाच गुन्हा, मग ते खोलून पिशवीत का असेना. खोललेलं धनुष्य सव्वादोन फुटी पिशवीत मावतं हे खरं, बसमधून निपाणीहून बेळगावला नेताना त्याची मजा वेगळीच, पण सराव आपल्या किंवा परवानगी घेतलेल्या जागेतच करा, आणि गठ्ठ्यामागं मातीचा बांध हवाच.

पार्सल आलं की दोरी चढवण्याआधी तीन जागा बघा. बुडाशी डव्हटेल धरणारा स्क्रू घट्ट आहे का. तो प्रवासात सैल होतो, ॲलन कीनं पाव फेरा पुरतो. टोकाचा वरचा थर आणि लिम्ब यांच्यामध्ये केसाएवढी फट आहे का. आणि लिम्ब डोळ्यासमोर धरून टोकापासून बुडाकडं बघितलं तर कडा सरळ दिसतात का. वळलेलं रिकर्व्ह लिम्ब हातानं गरम पाण्यात सरळ करायचे उपाय लोक सांगतात. नव्या लिम्बवर ते केलं की हमी गेली.

किंमत ठरवताना फक्त लिम्बचा आकडा धरू नका. दुसऱ्या जोडीबरोबर दोन दोऱ्या (एक राखीव), लाँगबोला बसणारा स्ट्रिंगर आणि सहा जड टोकं येतातच. परदेशातून मागवत असाल तर वर वाहतूक आणि सीमाशुल्क. विक्रेत्याला मागणी पाठवताना रायझरची लांबी, तुमची ओढ, सध्याच्या जोडीचं काट्यावर मोजलेलं वजन आणि धनुष्याची हवी असलेली एकूण लांबी, एवढं लिहून पाठवा आणि उत्तर लेखी घ्या. लाँगबोची जोडी बोटांवर रिकर्व्हच्या बरोबरीनं किंवा दोन-तीन पौंडच जड असू द्या. वेग भरून काढायचा म्हणून दहा पौंड जड घेतलेली जोडी महिनाभरात भिंतीवर टांगलेली दिसते.